नात्यातील विवाह आणि पेशीतील बिघडलेली दुरुस्ती

सातारा, सांगली भागात मामाच्या मुलीशी विवाह ही जुनी रूढी आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधविषयक ग्रंथात महाराष्ट्रातील या प्रथेची दखल घेतली होती. अशा दांपत्यांची बहुसंख्य अपत्ये निरोगी असतात. मात्र अपत्याला एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून मिळण्याची शक्यता सोळांत एक असते. ती प्रत सदोष असल्यास फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखा दुर्मीळ विकार उद्भवू शकतो.

स्विस बालरोगतज्ज्ञ ग्विडो फॅन्कोनी यांनी १९२७ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्याच्याशी निगडित वीसहून अधिक जनुके आज ज्ञात आहेत. बहुतेक रुग्णांत 'फॅन्क-ए' जनुकात दोष आढळतो; 'यूबीई-टू-टी' या विकराच्या जनुकातील दोष फार विरळा असून तो २०१५ मध्ये उघड झाला.

युबिक्विटिन हे छोटे प्रथिन म्हणजे पेशीतील खूणचिठ्ठी. निकामी प्रथिने या चिठ्ठीमुळे नष्ट होतात, या शोधाला २००४ चे नोबेल मिळाले. 'यूबीई-टू-टी'ची चिठ्ठी मात्र नाशाची नसून कामाला बोलावणारी आहे. डीएनएचे दोन धागे एकमेकांना चिकटले की हा विकर सहकारी प्रथिनाच्या साहाय्याने 'फॅन्क-डी-टू'ला ती जोडतो आणि दुरुस्ती सुरू होते. ती न झाल्यास अस्थिमज्जा क्षीण होते, रक्ताच्या कर्करोगाचा धोका वाढतो. उलट, हाच विकर काही कर्करोगांत प्रमाणाबाहेर आढळतो.

खरा प्रश्न निदानाचा आहे. हा आजार साधा अ‍ॅप्लास्टिक अ‍ॅनिमिया समजला गेला, तर अस्थिमज्जा प्रत्यारोपणापूर्वीची नेहमीच्या मात्रेतील औषधे रुग्णाच्या जिवावर बेतू शकतात. या पेशींना ती सोसत नाहीत. मज्जा देणाऱ्या भावंडाचीही तपासणी अनिवार्य ठरते. गुणसूत्रे तुटतात का, हे पाहणाऱ्या चाचणीने निदान होते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा रक्तविज्ञान संस्था या क्षेत्रात कार्यरत आहे.

२०२१ च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात या विकाराचा समावेश झाला. २०२२ मध्ये साहाय्याची मर्यादा ५० लाख रुपये करण्यात आली. धोरणांतर्गत नियुक्त केंद्रांत केईएमही आहे. परंतु साहाय्याची वाट निदानातूनच जाते. त्यामुळे जत वा माणसारख्या तालुक्यांत वारंवार रक्त चढवावे लागणाऱ्या बालकाच्या आईवडिलांना 'तुमचे लग्न नात्यातले का?' हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारला जाणे, तोही दोष न देता, तितकेच मोलाचे आहे.