धूम्रपानमुक्ती आणि ई-सिगारेटविषयक धोरणे

ई-सिगारेट हे विजेरीवर चालणारे उपकरण असून त्यातील निकोटीनयुक्त द्रव तापवून निर्माण होणारी वाफ ओढली जाते. तंबाखू जळत नसल्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड हे घातक घटक टळतात. निकोटीनचे व्यसन मात्र कायम राहू शकते. म्हणूनच धूम्रपान सोडविण्याचे साधन म्हणून तिला मान्यता द्यावी की नाही, याबाबत सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात तीव्र मतभेद आहेत. इंग्लंडने सरकारी योजनेतून हे उपकरण मोफत देऊ केले, तर भारतात २०१९ पासून त्याच्या विक्रीस बंदी आहे.

परिणामकारकता

इंग्लंडमधील ८८६ व्यक्तींवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झाले. समुपदेशन दोन्ही गटांना मिळाले होते. वर्षअखेरीस ई-सिगारेट वापरणाऱ्या गटातील १८ टक्के, तर निकोटीनच्या गोळ्या, पट्ट्या इत्यादी वापरणाऱ्या गटातील ९.९ टक्के व्यक्ती धूम्रपानापासून दूर होत्या. तथापि, यशस्वी ठरलेल्यांपैकी पहिल्या गटातील ८० टक्के व्यक्ती तेव्हाही ई-सिगारेट ओढत होत्या; दुसऱ्या गटात नेमून दिलेली उत्पादने वापरणाऱ्यांचे प्रमाण ९ टक्के होते. सिगारेट सुटली, पण निकोटीन सुटले नाही, याला यश मानावे की अपयश, हाच वादाचा गाभा आहे.

इंग्लंड व ऑस्ट्रेलिया

'पब्लिक हेल्थ इंग्लंड' या संस्थेने २०१५ मध्ये ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक असल्याचे म्हटले. या आकड्याचा आधार तकलादू असल्याची टीका 'द लॅन्सेट'ने केली. एप्रिल २०२३ मध्ये १० लाख धूम्रपान करणाऱ्यांना ई-सिगारेटचा संच व समुपदेशन देणारी योजना जाहीर झाली. मात्र अल्पवयीनांमधील वाढता वापर व कचऱ्याची समस्या यांमुळे १ जून २०२५ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या ई-सिगारेटवर बंदी आली. ऑस्ट्रेलियात जुलै २०२४ पासून ई-सिगारेट केवळ औषधालयांतूनच विकता येते.

भारत

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने मे २०१९ मध्ये संपूर्ण बंदीची शिफारस केली. सप्टेंबरमध्ये अध्यादेश निघाला व डिसेंबरमध्ये त्याचे कायद्यात रूपांतर झाले. उत्पादन, आयात, विक्री, जाहिरात व साठवणूक यांवर बंदी असून, विक्रीच्या पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. तंबाखूपासून दूर असलेली तरुण पिढी निकोटीनकडे वळू नये, हा बंदीमागील प्रमुख युक्तिवाद होय. अधिक घातक अशा सिगारेट व विडीची विक्री मात्र कायदेशीर आहे, या विसंगतीवर टीकाकार बोट ठेवतात.

भारतातील तंबाखूसेवनाचे स्वरूपही वेगळे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशातील १०.७ टक्के प्रौढ धूम्रपान करीत, तर २१.४ टक्के धूरविरहित तंबाखूचे सेवन करीत. महाराष्ट्रात हे प्रमाण अनुक्रमे ३.८ व २४.४ टक्के होते. धुराला पर्याय देणारे साधन तंबाखू मळून खाणाऱ्याच्या किंवा मिश्री लावणाऱ्या स्त्रीच्या उपयोगाचे नाही. त्यामुळे इंग्लंडमधील निष्कर्ष येथे जसेच्या तसे लागू करता येत नाहीत. दुसरीकडे, बंदीमुळे धूम्रपान करणाऱ्यांपुढील एक मार्ग बंद झाल्याने समुपदेशन व औषधोपचार यांवरील भार वाढतो. २०१६ पासून १८००-११-२३५६ या क्रमांकावर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवा विनाशुल्क उपलब्ध आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये निकोटीनयुक्त च्युइंग गम व पट्ट्या यांचा आणि २०२१ मध्ये बुप्रोपिऑन व व्हॅरेनिक्लिन या औषधांचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला. ही साधने ग्रामीण व श्रमिक वर्गापर्यंत कितपत पोहोचतात, यावर बंदीच्या धोरणाची उपयुक्तता बऱ्याच अंशी अवलंबून आहे.