कंत्राटाचा कागद आणि मालकाची जबाबदारी

‘माणूस आमचा नाही, ठेकेदाराचा आहे’, हे वाक्य औद्योगिक वसाहतीतील छोट्या कारखान्यांतून नेहमी ऐकावयास मिळते. आठ-दहा माणसांच्या बळावर धंदा करणाऱ्याला कायम नोकरांचा भार झेपत नाही, हे मान्यच केले पाहिजे. मात्र काम कंत्राटाने दिले की जबाबदारीही गेली, हा समज भ्रामक आहे.

समजा, कारखान्याचे पत्रे बदलताना एका ठेकेदाराचा माणूस छपरावरून पडला आणि दुसऱ्या ठेकेदाराच्या माणसाची बोटे प्रेसमध्ये सापडली. १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याने या दोघांत भेद केला. कंत्राटाने दिलेले काम मालकाच्या नेहमीच्या धंद्याचाच भाग असेल, तर जखमी कामगार मालकाकडेच भरपाई मागू शकतो. छपराची दुरुस्ती हा त्याचा धंदा नव्हे; प्रेस चालविणे आहे. दिलेली रक्कम पुढे ठेकेदाराकडून वसूल करण्याचा हक्क मालकाला आहे खरा. पण ज्याची सारी मालमत्ता म्हणजे एक मोटारसायकल, त्याच्याकडून वसुली ती काय होणार? २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे तत्त्व कायम आहे. कंत्राटी कामगारांच्या नियमनाची मर्यादा पन्नासावर गेल्यामुळे अनेक छोटे मालक निर्धास्त झाले आहेत. भरपाईचे दायित्व त्या आकड्याला बांधलेले नाही.

‘स्वतंत्र कंत्राटदार’ हे नावही जपून वापरावयास हवे. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाऊस या आंध्र प्रदेशातील दुकानाचे शिंपी नगावर मजुरी घेत; काही जण कापड घरीही नेत. तरी १९७३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दुकानाचे नोकरच ठरविले. यंत्रे दुकानाची होती आणि शिवण नापसंत झाल्यास पुन्हा शिवावयास सांगण्याचा अधिकारही दुकानाचाच होता. १९७८ साली कोझिकोडच्या दोरकारखान्याने मध्यस्थ ठेकेदार पुढे केले, तेव्हाही न्यायालयाने खरा मालक कारखानदारच मानला.

ठेकेदाराचा दर स्वस्त का पडतो, हे आमचे छोटे कारखानदार क्वचितच विचारतात. कामगाराची नोंद कर्मचारी राज्य विमा योजनेत असेल, तर अपघाताच्या भरपाईचा भार महामंडळ उचलते. पुष्कळदा ती नोंदच झालेली नसते आणि न भरलेला हप्ता हीच त्या स्वस्ताईची मेख असते. अशा वेळी विमा कंपनीची जागा नकळत मालकानेच घेतलेली असते, तीही एक पैसा हप्ता न घेता.