तीन कॅमेरे, एक प्रतिज्ञापत्र

माध्यमशिक्षण देणाऱ्या काही विभागांच्या हाती या सत्राच्या आरंभी पडलेल्या परिपत्रकानुसार, बहुकॅमेरा स्टुडिओ निर्मिती या दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकासाठी प्रत्येक विद्यार्थ्याने दहा मिनिटांचा कार्यक्रम स्वतंत्रपणे दिग्दर्शित, चित्रित व संपादित करून पेनड्राइव्हवर सादर करावयाचा असून, त्यात अन्य कोणाचेही साहाय्य घेतलेले नाही अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र त्यास जोडावयाचे आहे. परीक्षा विभागाचा हेतू नक्कल रोखण्याचा असावा आणि तो वावगा नाही. परंतु जो विषय अनेक माणसांनी एकाच क्षणी एकत्र करावयाच्या कामाचाच आहे, त्यात दुसऱ्याची मदत घेणे हा गैरप्रकार ठरविणे म्हणजे ढोल-ताशा पथकाच्या प्रत्येक वादकाने ढोल, ताशा, झांज आणि ध्वज हे सारे एकट्याने सांभाळून दाखवावे असा दंडक घालण्यासारखे आहे.

या मासिकाच्या वाचकांना स्टुडिओची रचना समजावून सांगण्याचे प्रयोजन नाही. तथापि हा अंक आदेश काढणाऱ्यांच्या मेजापर्यंतही पोचेल असे गृहीत धरून एका कटची साखळी येथे मांडणे इष्ट ठरेल. मुलाखतीच्या साध्या कार्यक्रमात सूत्रसंचालकाचा प्रश्न संपत आलेला असताना नियंत्रण कक्षात, म्हणजे वृत्तवाहिन्यांत ज्याला पीसीआर म्हणतात त्या खोलीत, निर्मिती सहायक पुढच्या शॉटचा क्रमांक उच्चारतो. दिग्दर्शक 'स्टँडबाय थ्री' म्हणतो. तिसऱ्या कॅमेऱ्याचा चालक पाहुण्याची चौकट स्थिर करून फोकस तपासतो. व्हिजन मिक्सर, म्हणजे मुंबईच्या सेटवर ज्याला पुष्कळदा ऑनलाइन एडिटर म्हटले जाते तो तंत्रज्ञ, स्विचरच्या प्रिव्ह्यू रांगेत, म्हणजे पुढे जाणारे चित्र आधी पाहण्यासाठी असलेल्या बटणांच्या रांगेत, तो कॅमेरा निवडून ठेवतो. 'टेक' हा शब्द येताच ते चित्र प्रोग्राम रांगेत, म्हणजे मुद्रणाकडे वा प्रक्षेपणाकडे, जाते आणि त्या कॅमेऱ्यावरचा टॅली, म्हणजे कोणता कॅमेरा प्रोग्रामवर आहे हे सांगणारा लाल दिवा, लागतो. त्याच वेळी ध्वनिनियंत्रक पाहुण्याच्या माइकची पातळी सांभाळीत असतो आणि फ्लोअर मॅनेजर, म्हणजे दिग्दर्शकाचा स्टुडिओतील प्रतिनिधी, बोटांच्या खुणेने उरलेली मिनिटे दाखवीत असतो. भारतात प्रचलित असलेल्या सेकंदाला २५ चौकटींच्या प्रमाणात एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. 'टेक' अर्ध्या सेकंदाने हुकला तर बारा चौकटी निघून जातात, पाहुणा बोलू लागलेला असतो आणि पडद्यावर मात्र प्रश्न विचारून झालेला सूत्रसंचालकच दिसत राहतो.

परिपत्रकाचे तंतोतंत पालन करणारा विद्यार्थी यांपैकी काय करतो, हे वाचकांच्या पत्रांतून पुरेसे स्पष्ट झाले आहे. तो तीन ट्रायपॉडवर तीन कॅमेरे बसवून त्यांच्या चौकटी पक्क्या बांधतो, तिन्ही सुरू करतो, धावत जाऊन सूत्रसंचालकाच्या खुर्चीत बसतो, मुद्रणांचा मेळ पुढे साधता यावा म्हणून एक टाळी वाजवितो आणि नंतर दोन-तीन रात्री संगणकावर बसून तिन्ही मुद्रणांची कापाकापी करतो. निघणारा कार्यक्रम कधी कधी नेटका असतो, नाही असे नाही. परंतु त्या विद्यार्थ्याने एकदाही 'स्टँडबाय' म्हटलेले नसते, एकदाही दुसऱ्याच्या आज्ञेवर पॅन केलेला नसतो आणि कार्यक्रम ठरल्या क्षणी संपविण्याची धडपड त्याने अनुभवलेली नसते. शिवाय पाहुणा, तो कॅमेऱ्यासमोर बसतो म्हणून, 'अन्य कोणाचे साहाय्य' ठरतो किंवा कसे, याविषयी परिपत्रक मौन बाळगते.

उद्योगातही हल्ली सारे संपादनातच होते, असा एक बचाव या पद्धतीच्या बाजूने मांडला जातो आणि तो अगदीच निराधार नाही. रिअ‍ॅलिटी कार्यक्रमांत प्रत्येक कॅमेऱ्याचे स्वतंत्र मुद्रण, म्हणजे आयसो, घेतले जाते आणि अंतिम रूप संपादकाच्या मेजावर ठरते. मात्र त्या चित्रणातही दिग्दर्शक कॅमेऱ्यांना अखंड सूचना देत असतो, कारण तीन कॅमेऱ्यांनी एकाच वेळी एकच प्रतिक्रिया टिपली तर संपादकाच्या हाती तीनपट साहित्य येते, पण पर्याय एकच उरतो. क्रिकेटचा सामना, निवडणुकीच्या निकालाचा दिवस किंवा रात्रीचे बातमीपत्र यांना तर ही सवलतही नाही; पॅनल प्रोड्यूसरच्या, म्हणजे नियंत्रण कक्षातून थेट कार्यक्रम चालविणाऱ्याच्या, खुर्चीत बसलेल्या व्यक्तीला पूर्वस्थितीवर नेणारे बटण दिलेले नसते.

परिपत्रकाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक पत्रे टॉकबॅकविषयी आहेत. टॉकबॅक म्हणजे नियंत्रण कक्ष आणि फ्लोअर यांना जोडणारी बोलण्याची यंत्रणा. ती नसेल तर उत्तमोत्तम कॅमेरेही परस्परांना अनोळखी राहतात. तरीही खरेदीच्या प्रस्तावांत फोर-के कॅमेरे, मोठी भिंत व्यापणारा पडदा आणि आभासी पार्श्वभूमी यांना अग्रस्थान मिळते आणि हेडसेटचा संच शेवटच्या ओळीत येऊन निधी अपुरा पडताच गळतो. एका विभागाने केवळ पाच हेडसेटचा टॉकबॅक संच मागितला असता, 'संगणक प्रयोगशाळेत हेडफोन उपलब्ध आहेत' असा शेरा मारून प्रस्ताव परत आला. संगीत ऐकण्याचा हेडफोन आणि चालकाचे दोन्ही हात मोकळे ठेवून एकाच वाहिनीवर पाच जणांना जोडणारा संच यांतील फरक लिहून देण्यात त्या विभागाचे एक सत्र गेले, आणि प्रस्ताव पुन्हा वर जाईपर्यंत आर्थिक वर्ष संपले. दुसऱ्या एका ठिकाणी संच आला, परंतु सर्वांत कमी दराच्या निविदेतून आलेल्या त्या संचाच्या केबल स्टुडिओच्या भिंतीपर्यंत पोचत नव्हत्या. लांब केबल ही निराळी वस्तू असल्याने तिच्यासाठी निराळी मागणी करावी, असे भांडार विभागाने कळविले. डेड स्टॉक रजिस्टरमधील क्रमांकाची चिकटपट्टी नेमकी टॅलीच्या दिव्यावर लावल्याचेही एका पत्रात नमूद आहे. पट्टी काढली तर लेखापरीक्षणात कॅमेरा गहाळ दिसेल, या भीतीने ती तशीच आहे.

यंत्रणेअभावी मोबाइलवर सामूहिक कॉल लावून काम भागविणारे विभाग आहेत आणि त्यांच्या जिद्दीचे कौतुकच व्हायला हवे. पण कॉलमध्ये आवाज उशिरा पोचतो आणि तो उशीर दरवेळी सारखा नसतो, म्हणून दिग्दर्शकाने 'टेक' किती आधी म्हणावे याचा अंदाजच बसत नाही. त्यापेक्षा तारेने जोडलेला जुनापुराणा संच बरा. टॉकबॅकवर मुख्यतः दिग्दर्शकाने बोलावे आणि कॅमेरा चालकाने होकार कॅमेरा वर-खाली हलवून व नकार आडवा हलवून द्यावा, अर्थातच त्याचा टॅली विझलेला असताना, ही शिस्तही अशाच संचावर अंगवळणी पडते.

दोष सर्वस्वी अधिकाऱ्यांच्या माथी मारून मात्र चालणार नाही. स्टुडिओला कुलूप, कॅमेऱ्यांवर आच्छादने आणि मूल्यांकन समिती येणार म्हटले की दोन दिवस आधी रंगरंगोटी, हे चित्र ज्या विभागांत दिसते तेथील अध्यापकांनी परिपत्रकाकडे बोट दाखविण्यापूर्वी आपल्या वेळापत्रकाकडे पाहावे. सामग्री जुनी आहे ही सबब दहा वर्षांपूर्वी काही अंशी पटण्याजोगी होती. तेव्हा निरनिराळ्या कॅमेऱ्यांची चित्रे एकाच ठेक्यावर आणण्यासाठी जेनलॉक, म्हणजे सर्व कॅमेऱ्यांना समान समन्वयसंकेत पुरविण्याची व्यवस्था, पुष्कळदा आवश्यक असे आणि ती सोय असलेले कॅमेरे महाग असत. २०१९ मध्ये बाजारात आलेल्या एटीईएम मिनीसारख्या मेजावर मावणाऱ्या स्विचरमध्ये प्रत्येक आदानावर चित्र जुळवून घेण्याची सोय असल्यामुळे चार साधे एचडीएमआय कॅमेरे जेनलॉकवाचून जोडता येतात. ओबीएस हे मोफत सॉफ्टवेअर तर २०१२ पासून उपलब्ध आहे.

येथे थोडे मागे पाहणे अप्रस्तुत ठरणार नाही. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि १९७४ मध्ये दूरचित्रवाणीचे प्रशिक्षण दिल्लीहून पुण्याच्या फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूटच्या आवारात आले, तेव्हा चित्रफितीचे संपादन हे खर्चिक आणि वेळखाऊ काम होते. साहजिकच कार्यक्रमाचे सलग मोठे भाग थेट प्रक्षेपण असल्याप्रमाणे मुद्रित करण्याकडे कल असे आणि निर्मात्याची तयारी कॅमेरा कार्डांवर, म्हणजे प्रत्येक चालकाला त्याच्या शॉटची क्रमवार यादी देणाऱ्या पुठ्ठ्यांवर, दिसत असे. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही, कारण ती शिस्त टंचाईने लादलेली होती. पण कॅमेरा कार्डाला निविदा लागत नाही, रनडाउनला, म्हणजे कार्यक्रमातील भागांचा क्रम व वेळ मांडणाऱ्या यादीला, लागत नाही, आणि दहा मिनिटांच्या कार्यक्रमात श्रेयनामावली तीस सेकंदांची असेल तर समारोप नऊ मिनिटे तीस सेकंदांवर आटोपला पाहिजे, असा उलटा हिशेब मांडणाऱ्या बॅक टायमिंगलाही लागत नाही.

राहिला मुद्दा वैयक्तिक गुणांचा. परीक्षा विभागाला प्रत्येकाचे स्वतंत्र काम पाहावयाचे असेल तर ते टॉकबॅकवरच ऐकता येते. दिग्दर्शकाच्या खुर्चीतील विद्यार्थ्याचा आवाज वेगळ्या ध्वनिमार्गावर मुद्रित करावा आणि परीक्षकाने तो स्विचरवरून निघालेल्या, संपादनाचा स्पर्श न झालेल्या मुद्रणासोबत ऐकावा. कोणती आज्ञा वेळेवर आली, कोणती उशिरा आली, गोंधळात कोण शांत राहिले आणि कोण किंचाळले, हे त्यात इतके उघड असते की प्रतिज्ञापत्राची गरजच उरू नये. वेळेचा हिशेबही अडचणीचा नाही. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीचे दहा-दहाचे दोन गट केले आणि प्रत्येकाच्या दिग्दर्शनासाठी मांडणी, तालीम, मुद्रण व चर्चा मिळून दीड तास धरला, तर वीस पाळ्यांना तीस तास लागतात; दोन क्रेडिटच्या प्रात्यक्षिकाला साठ तास असल्याने उरलेला अर्धा वेळ प्रकाशयोजना, कॅमेऱ्यांचे रंग जुळविणे आणि ध्वनी यांना देता येतो. साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाच्या साऱ्या दिग्दर्शन-पाळ्या पंधरा आठवड्यांत पुऱ्या होण्यास स्टुडिओ आठवड्याला केवळ सहा तास उघडा राहावा लागतो, आणि एका पाळीत दिग्दर्शक असलेला विद्यार्थी गटाच्या उरलेल्या नऊ पाळ्यांत मिक्सर, चालक, फ्लोअर मॅनेजर अशा निरनिराळ्या जागी बसतो.

अभ्यास मंडळांच्या बैठका आता जवळ आल्या आहेत. ज्या विभागप्रमुखांना हे परिपत्रक अव्यवहार्य वाटते, त्यांनी दूरध्वनीवर हळहळ व्यक्त करण्याचे सोडून लेखी हरकत द्यावी आणि तिच्यासोबत एका पाळीचे रनडाउन, कॅमेरा कार्डे, भूमिकांच्या फिरत्या वाटपाचा तक्ता व टॉकबॅकचे मुद्रण नमुन्यादाखल जोडावे, कारण नमुना समोर नसला की बैठकीत जुनाच मसुदा मंजूर होतो. विद्यार्थ्यांनीही प्रतिज्ञापत्रावर सही करण्याआधी त्याखाली आपल्या पाळीतील सर्वांची नावे व त्यांच्या जागा लिहाव्यात. ते परत आले तर त्याची प्रत या मासिकाकडे पाठवावी, पुढील अंकात ती जशीच्या तशी छापली जाईल. आणि टॅलीवरची ती चिकटपट्टी संबंधित विभागाने लेखापरीक्षकांची वाट न पाहता उद्याच काढून कॅमेऱ्याच्या तळाशी लावावी.