एकच धडक, दोन न्याय

तीन वर्षांपूर्वी दिल्लीलगतच्या एका चौकात आमच्या टॅक्सीला उजवीकडून आलेल्या टेम्पोने धडक दिली. मी मागच्या आसनावर डावीकडे होतो. काचेच्या जखमा आणि मोडलेले मनगट यावर माझे निभावले. चालकाच्या बाजूचा दरवाजा मात्र आत चेपला गेला आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. समोरून धडक बसली तर बॉनेट आणि इंजिन आघाताचा काही भाग झेलतात. बाजूने बसली तर माणूस आणि धातू यांच्यात वीतभर अंतर उरते. त्यानंतर भरपाईच्या वाटेवर आम्हा दोघांना जी वेगवेगळी वागणूक मिळाली, तिच्याविषयी आज लिहितो आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १६६ नुसार जखमी व्यक्तीला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. अपघात कोठेही घडलेला असो, अर्जदार आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात अर्ज करू शकतो. मी दुसऱ्याच महिन्यात अर्ज केला. पगाराच्या पावत्या होत्या, रुग्णालयाची देयके होती, ओळखीचे वकील होते. वर्ष संपण्यापूर्वी विमा कंपनीने तडजोड केली.

चालक पाच महिने बिहारमधल्या आपल्या गावी अंथरुणाला खिळून होते. ते वकिलापर्यंत पोहोचले आठव्या महिन्यात. तोवर मुदत उलटली होती. १९९४ मध्ये संसदेने अशा अर्जांसाठीची कालमर्यादा काढून टाकली होती, कारण तिचा फटका बसत होता तो निराधारांना. २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मर्यादा पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. ज्याचे हाड सांधायलाच चार-पाच महिने लागतात, त्याच्यासाठी ही मुदत अपघाताच्या दिवसापासूनच धावू लागते. या तरतुदीला दिलेले आव्हान सर्वोच्च न्यायालयापुढे आहे. केवळ मुदतीच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. त्यामुळे आमच्या चालकांचा अर्ज आज जिवंत आहे, इतकेच.

खरे तर त्यांना अर्ज करण्याची गरजच पडायला नको होती. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी ४८ तासांत प्राथमिक आणि ९० दिवसांत सविस्तर अपघात अहवाल न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो, आणि तो अहवालच भरपाईचा अर्ज मानला जातो. या नियमांची अंमलबजावणी करा, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्रपणे बजावलेही आहे. आमच्या प्रकरणात तो अहवाल वेळेत गेलाच नाही. अहवाल न पाठवणाऱ्याला कोणी जाब विचारला नाही. जाब द्यावा लागला तो कुबड्या घेऊन आलेल्या माणसाला.

दुसरा अडसर दोषाचा. बाजूच्या धडकेत ‘आधी जाण्याचा हक्क कोणाचा’ हाच वादाचा गाभा असतो. नियंत्रण नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्या वाहनाला वाट द्यावी, असा आपला नियम आहे; मात्र मुख्य रस्त्यावर येणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या वाहनांना आधी जाऊ द्यायचे असते. आम्ही मुख्य रस्त्यावर होतो, टेम्पो गल्लीतून आला होता. विमा कंपनीच्या लेखी म्हणण्यात यातला पहिला नियम ठळकपणे आहे, दुसऱ्याचा उल्लेख नाही. मी प्रवासी असल्याने मला या वादाची झळ लागली नाही. दोन्ही वाहनांचा दोष निघाला असता, तरी संपूर्ण भरपाई त्यांपैकी कोणाकडूनही मागण्याची मुभा मला होती. सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये हे स्पष्ट केले आहे. चालकाचा दोष जितके टक्के ठरेल, तितकी त्यांची भरपाई मात्र कापली जाईल. त्या संध्याकाळी मी भ्रमणध्वनीवर काढलेली चार छायाचित्रे, ज्यांत गल्लीचे तोंड आणि टायरच्या खुणा दिसतात, आज त्यांच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा आहेत. पंचनाम्याच्या नकाशात ती गल्ली दाखवलेलीच नाही.

तिसरा अडसर उत्पन्नाचा, आणि तो आकड्यांतच पाहावा. चालकांचे वय ३८; २००९ च्या सरला वर्मा निकालानुसार या वयाला गुणक १५. २०१७ च्या प्रणय सेठी निकालानुसार चाळिशीच्या आतील स्वयंरोजगारितासाठी भविष्यातील वाढ ४० टक्के. कमाईची क्षमता ४० टक्के गेली असे धरू. महिन्याला खरोखर मिळणारे २५,००० रुपये सिद्ध झाले, तर या एका सदराखाली २५ लाख २० हजार रुपये होतात. कागद नाहीत म्हणून न्यायाधिकरणाने १२,००० रुपये गृहीत धरले, तर १२ लाख ९ हजार ६०० होतात. त्यात निम्मा दोष त्यांच्या माथी मारला, तर उरतात ६ लाख ४ हजार ८००. जखम तीच, माणूस तोच.

२०२३ मध्ये देशात रस्ते अपघातांत १ लाख ७२ हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांतल्या आणि त्याहून कितीतरी अधिक जखमींतल्या असंख्य जणांकडे पगाराची पावती नसते. तरीही कायद्याच्या चौकटीत उपाय आहेत. कलम १६९ नुसार न्यायाधिकरणाला दस्तऐवज मागवण्याचे दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. अ‍ॅपवरच्या प्रत्येक फेरीची नोंद कंपनीकडे असते, ती मागवावी. जखमी माणसाने ती मिळवण्यासाठी दारोदार का फिरावे? पोलिसांच्या प्राथमिक अहवालाची प्रत जखमीच्या हाती रुग्णालयातच पडावी, आणि सविस्तर अहवाल न पाठवणाऱ्या अधिकाऱ्याची नोंद न्यायाधिकरणाने घ्यावी. सहा महिन्यांची मर्यादा तर संसदेने स्वतःहून मागे घ्यावी. १९९४ मध्ये जे शहाणपण तिला सुचले होते, ते न्यायालयाने शिकवण्याची वाट पाहू नये.

विमा कंपन्या म्हणतील, मुदत नसेल तर खोटे दावे वाढतील. खोटे दावे होतात, हे मला मान्य आहे. पण ते बनवणाऱ्यांकडे वकील आणि कागद दोन्ही वेळेवर तयार असतात. मुदतीत अडकतो तो खरा जखमी. बनावट दाव्यांवरचा इलाज म्हणजे वेळेत केलेला पोलीस तपास, आणि तो करण्याचे कर्तव्य नियमांत आधीच लिहिलेले आहे.

पुढच्या महिन्यात चालकांच्या अर्जाची तारीख आहे. साक्षीदार म्हणून मला बोलावले आहे. छायाचित्रे घेऊन मी जाणार आहे. मात्र ज्या टॅक्सीत कॅमेरा बाळगणारा प्रवासी नव्हता, त्या चालकाच्या बाजूने कोण जाणार, हा प्रश्न मला सोडत नाही.