विमान परतल्यावर

परदेशात भूकंप झाला की वृत्तपत्रांत एक छायाचित्र हमखास झळकते : विमानाच्या पोटातून उतरणारी औषधांची खोकी, हिरवे तंबू, स्ट्रेचर आणि तिरंगा. ते पाहून ऊर भरून येतो. येऊ द्यावा. परंतु तेवढ्यावरच आपण वृत्तपत्राची घडी घालतो, याला आमची हरकत आहे.

ढिगाऱ्याखाली सापडलेल्यांपैकी बहुतेकांचे भवितव्य पहिल्या दिवसातच ठरते. त्यांना बाहेर काढतात ते शेजारीपाजारी. पहारीने, फावड्याने, नुसत्या हातांनी. तातडीच्या उपचारांसाठी परदेशी रुग्णालय यायचेच तर ते २४ तासांत सुरू व्हावे, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ सालीच सुचविले होते. १२ जानेवारी २०१० रोजी हैती हादरले. ज्याच्या तत्परतेची जगाने वाहवा केली, त्या इस्रायली लष्करी रुग्णालयालाही सुरू होण्यास ८९ तास लागले. दहा दिवसांत अकराशेहून अधिक रुग्णांवर उपचार करून ते परतले.

त्या डॉक्टरांच्या कौशल्याविषयी शंका घेणे कृतघ्नपणाचे होईल. पण त्याच दिवसांत कितीतरी पथके कोठेही नोंद न करता आली, घाईने हातपाय कापून कागदाचा चिटोराही मागे न ठेवता निघून गेली. अवयव गमावलेल्यांची संख्या दोन ते चार हजार सांगितली जाते. एवढी मोठी तफावत नोंदींच्या अभावामुळेच. पाय कापणे हे तासाभराचे काम. त्यानंतरची मलमपट्टी, पुन्हा शस्त्रक्रिया, कुबड्या, कृत्रिम पाय, आणि रुग्ण लहान मूल असेल तर त्याच्या वाढीबरोबर पुनःपुन्हा नवा पाय, हे सारे कोणी करायचे? भूकंपापूर्वीपासून तेथे राहणारे तीनशेहून अधिक क्यूबन आरोग्यसेवक ऑक्टोबरात पटकीची साथ आली तेव्हाही तेथेच होते. त्यांची छायाचित्रे आपण किती पाहिली?

‘काहीच न करण्यापेक्षा हे बरे,’ असे कोणी म्हणेल. आम्हांला ते मान्य नाही. पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाला धावपट्टी एकच. त्या गर्दीत, हैतीत १९९१ पासून काम करणाऱ्या ‘मेदसँ साँ फ्राँतिएर’चे रुग्णालय घेऊन आलेले विमान डोमिनिकन प्रजासत्ताकाकडे वळविले गेले आणि सामान ट्रकने आणावे लागले. अनावश्यक मदत आवश्यक मदतीची वाट अडविते ती अशी. हैतीच्या अनुभवानंतरच २०१३ मध्ये परदेशी वैद्यकीय पथकांसाठी वर्गवारी व किमान नियम ठरले.

फेब्रुवारी २०२३ मध्ये तुर्कस्तानातील इस्केंदेरून येथे आपल्या लष्कराच्या ९९ जणांच्या पथकाने ३० खाटांचे रुग्णालय भूकंपानंतर दोन दिवसांत उभे केले. काम चोख झाले. तो महिना संपण्यापूर्वी पथक परतलेही. आमचे मागणे एवढेच की अशा विमानातून शल्यविशारदांबरोबर फिजिओथेरपिस्टही जावेत, प्रत्येक रुग्णाचे कागद स्थानिक भाषेत तेथील डॉक्टरांच्या हाती पडावेत, आणि ज्या देशाने ‘जयपूर फूट’ घडविला त्याचे कारागीर सहा महिन्यांनी पुन्हा तेथे पोचावेत. त्या दुसऱ्या विमानाचे छायाचित्र छापण्याचा आग्रह वाचकांनी आपापल्या वृत्तपत्राकडे धरावा.