तासाच्या पगारावरचा प्राध्यापक

दहावीच्या विज्ञानात प्राण्यांच्या वर्गीकरणाचा धडा आहे. त्यात 'रंध्रीय प्राणी संघ' येतो, शास्त्रीय नाव पोरिफेरा. म्हणजे स्पंज. आपली मुलं हे नाव पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात. १८३६ साली हे नाव देणारा माणूस होता रॉबर्ट एडमंड ग्रँट. मी भाषेचा शिक्षक, प्राणिशास्त्र माझा विषय नाही. पण ग्रँटची हकिकत जितकी प्राण्यांची आहे, तितकीच मास्तरकीची आहे, म्हणून लिहितो आहे.

ग्रँटचा जन्म १७९३चा, एडिंबरोचा. १८१४ला तो डॉक्टर झाला, पण दवाखाना थाटण्याऐवजी पॅरिसला आणि युरोपातल्या इतर शहरांत शिकत फिरला. परतल्यावर एडिंबरोजवळ प्रेस्टनपॅन्सच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात राहून तो समुद्रातले जीव गोळा करू लागला. त्या काळी स्पंज ही वनस्पती की प्राणी यावर विद्वानांचं एकमत नव्हतं. ग्रँटने जिवंत स्पंजचा एक तुकडा काचेच्या बशीत समुद्राच्या पाण्यात ठेवला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहत बसला. त्याला दिसलं की मोठ्या छिद्रातून पाणी सारखं बाहेर फेकलं जातंय आणि त्याबरोबर कणही उडताहेत. बारीक छिद्रांतून पाणी आत, मोठ्या छिद्रांतून बाहेर. गप्प पडून असणारा स्पंज असा दिवसरात्र पाणी गाळत असतो. हे त्याआधी कुणी इतक्या धीराने पाहिलं नव्हतं.

याच काळात एडिंबरोत डॉक्टरीचं शिक्षण अर्धवट घेणारा एक मुलगा त्याच्यामागे किनाऱ्यावर फिरायचा. चार्ल्स डार्विन. ओहोटीच्या वेळी काय शोधायचं, कसं कापायचं, काय टिपून ठेवायचं, हे ग्रँटने त्याला दाखवलं. एकदा चालता चालता ग्रँटने लामार्कची तोंडभरून तारीफ केली. लामार्क म्हणजे सजीवांच्या जाती बदलत जातात असं मांडणारा फ्रेंच शास्त्रज्ञ. तेव्हाच्या ब्रिटनमध्ये हे नाव उघडपणे घेणं धोक्याचं होतं.

पण उस्ताद म्हणून ग्रँट फरिश्ता नव्हता. समुद्रशेवाळासारख्या दिसणाऱ्या फ्लस्ट्रा नावाच्या जीवाची 'अंडी' स्वतः हलतात, हे १८ वर्षांच्या डार्विनने पाहिलं. २७ मार्च १८२७ला त्याने ते विद्यार्थ्यांच्या प्लिनियन सोसायटीत वाचून दाखवलं. त्याच्या तीनच दिवस आधी ग्रँटने तीच गोष्ट मोठ्यांच्या वर्नेरियन सोसायटीत सांगून टाकली होती. शागिर्दाचं श्रेय उस्तादाने घेणं आपल्या विद्यापीठांतही नवं नाही.

त्याच वर्षी लंडनच्या नव्या विद्यापीठाने, म्हणजे आजच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने, ग्रँटला प्राणिशास्त्र आणि तुलनात्मक शरीररचनेचा प्राध्यापक नेमलं. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजला पदवी हवी तर अँग्लिकन चर्चच्या मताला संमती द्यावी लागे. इथे ती अट नव्हती. ज्यू, कॅथलिक, कुणीही यावं. विरोधक त्याला देवाला न मानणारी संस्था म्हणून हिणवत. हा दरवाजा उघडला नसता तर ग्रँटसारख्याला इंग्लंडमध्ये कुणी खुर्ची दिली नसती.

खुर्ची मिळाली, पगार मात्र जवळजवळ विद्यार्थ्यांच्या फीवर. जितकी डोकी, तितके पैसे. डॉक्टरकीच्या परवान्याच्या परीक्षेला तुलनात्मक शरीररचना सक्तीची नव्हती, मग मुलं तिथे फी कशाला भरतील? शिकवायला नमुने नव्हते, तेही ग्रँटने स्वतः जमवले. आजच्या ग्रँट संग्रहालयाची सुरुवात त्यातून झाली. तिथे आता हजारो नमुने आहेत. लंडनच्या वैद्यक मंडळाचा वेगळा परवाना तत्त्वासाठी घ्यायचा नाही असं ठरवल्यामुळे दवाखान्याची मिळकतही बंद. त्यात १८३५ला रिचर्ड ओवेनने त्याला प्राणिशास्त्र सोसायटीच्या मंडळातून मतदानाने बाहेर काढलं. पुढे हालाखी इतकी वाढली की मित्रांना त्याच्यासाठी वार्षिक रकमेची सोय करावी लागली.

डार्विनने आत्मचरित्रात नवल केलं आहे की लंडनला गेल्यावर ग्रँटने विज्ञानात फारसं काही केलं नाही आणि याचं कारण कळत नाही. मला हे वाचून हसू आलं आणि थोडा रागही. डार्विनच्या वडिलांकडे पैसा होता, त्याला नोकरी कधी करावीच लागली नाही. आठवड्याचे पाच दिवस व्याख्यानं देऊन घरभाड्याचा हिशेब करणाऱ्याला रात्री सूक्ष्मदर्शक का जड जातो, हे अशा माणसाला कळायचं कसं?

आपल्या जलशांत विज्ञानाचा विषय निघाला की कुणीतरी नवव्या शतकातल्या बसऱ्याच्या अल-जाहिजचं नाव घेतं, त्याच्या प्राण्यांवरच्या ग्रंथाचं नाव घेतं, आणि सभा खूश होते. अभिमान असावाच. पण त्याच सभेत मागच्या खुर्चीवर प्राणिशास्त्रात एम.एस्सी. आणि नेट झालेला आपलाच एक मुलगा बसलेला असतो. तो तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टीत काही नाही, आणि झालेल्या तासांचं मानधनही महिनोन्‌महिने अडकलेलं. पुढच्या वर्षी तुकडी राहील का, हे त्याला जूनमध्ये कळतं. त्याला संशोधन का करत नाहीस म्हणून विचारणारे मी ऐकले आहेत. लग्नाच्या स्थळाकडचे तर "पर्मनंट आहे का?" याच्या पुढे जातच नाहीत. जाहिजची कदर करणाऱ्या जमातीने या मुलाच्या मानधनासाठी एक निवेदन तरी द्यावं. शिष्यवृत्त्यांसाठी मोर्चे निघतात, शिकवणाऱ्यांसाठी कधी निघाला?

ग्रँटने ४६ वर्षांत एकही व्याख्यान चुकवलं नाही असं सांगतात. त्या निष्ठेचं कौतुक मला करवत नाही, कारण असं कौतुक बहुधा पगार न देणारेच करतात. १८६१ला त्याने प्राणिसृष्टीच्या वर्गीकरणावरची आपली पुस्तिका डार्विनला अर्पण केली. तोवर शागिर्द जगभर गाजला होता. ऑगस्ट १८७४मध्ये, वयाच्या ८०व्या वर्षी ग्रँट वारला, तेव्हाही तो त्याच पदावर होता. आपली पुस्तकं आणि जे काही उरलं होतं ते त्याने त्याच कॉलेजच्या नावे करून ठेवलं होतं.