बाटलीतला अहवाल



कपाशीवर फवारणी सुरू झाली की आम्ही विस्तारवाली मंडळी हातमोजे, चष्मा, वाऱ्याची दिशा हेच सांगत गावोगाव फिरतो. आज त्याच्या पुढचे, जरा नकोसे बोलायचे आहे. फवारणीच्या विषाने घरचा माणूस गेलाच, तर तो कशाने गेला हे ठरवतो कोण? आणि त्या कामाला पैसा कोण देतो?

२०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पडले. विष अंगात किती भिनले हे सांगणारी रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी तेव्हा तेथे होत नव्हती.

माणूस गेला की पोलीस पंचनामा करतात, सरकारी दवाखान्यातले डॉक्टर शवविच्छेदन करतात. विषाचा संशय असला तर जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे मिठाच्या दाट पाण्यात बाटलीत घालून सील करतात. यालाच व्हिसेरा म्हणतात. ही बाटली पोलिसांमार्फत नागपूर, अमरावती, नाशिक, पुणे अशा शहरांतल्या सरकारी न्यायसहायक प्रयोगशाळेत जाते. तेथे आपलीच बाटली नसते. खून, दारू, सर्पदंश, सगळ्यांच्या बाटल्या त्याच फडताळात. मग अहवालाला महिने लागतात.

इकडे गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून मृताच्या वारसाला २ लाख रुपये मिळतात. विषबाधेच्या प्रकरणात हाच रासायनिक अहवाल जोडावा लागतो, आणि प्रस्ताव मात्र ३० दिवसांत हवा! एक बाई दिराला घेऊन दर बाजाराच्या दिवशी आमच्या कचेरीत येत असे. "साहेब, बाटली आली का?" एवढेच विचारी. सावकाराचे व्याज काही बाटलीसाठी थांबत नाही.

खरी गोम अशी की दवाखाना आरोग्य खात्याचा, प्रयोगशाळा गृह खात्याची आणि अनुदान कृषी खात्याचे. अनुदानाची घोषणा गाजते. प्रयोगशाळेतल्या रसायनतज्ज्ञाची रिकामी जागा कुणाच्या भाषणात येत नाही. माझे मत विचाराल तर त्या जागेचा पगार हादेखील शेतकऱ्यावरचाच खर्च आहे. आमदार गावात आले की रस्ता, सभामंडप मागतोच आपण. त्यांना हेही विचारा.

हे दुखणे फक्त आपले नाही. अमेरिकेत २०२१ साली अमली पदार्थांच्या अतिमात्रेने एक लाखाहून जास्त माणसे गेली. तिकडे असे मृत्यू तपासायला स्वतंत्र कचेऱ्या असतात, पण त्यांचा खर्च बराचसा स्थानिक करांतून चालतो. एका डॉक्टराने वर्षाला २५० च्या वर शवविच्छेदने करू नयेत असा तेथील तज्ज्ञांच्या संघटनेचा दंडक आहे, तोही पाळवेना. ओहायो राज्यात २०१७ मध्ये एका परगण्याला प्रेते ठेवायला थंड गाडी मागवावी लागली. श्रीमंत देशाची ही गत, कारण मेलेल्याच्या तपासणीला पैसा देताना सगळ्यांचाच हात आखडतो.

आता आपल्या हातातले. फवारताना कुणाला घाम, उलटी, अंधारी आली तर औषधाचा डबा लेबलासकट दवाखान्यात न्या. डॉक्टरला औषधाचे नाव कळले की उपचाराला दिशा मिळते. दुर्दैवाने माणूस गेलाच, तर "आता चिरफाड कशाला" म्हणू नका. आणि एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बाटली विष कोणते ते सांगते, ते अंगात कसे गेले ते सांगत नाही. आत्महत्येला या योजनेत अनुदान नाही. म्हणून तो कोणत्या शेतात, कोणत्या पंपाने, किती वेळ फवारत होता, हे पंचनाम्यात लिहवून घ्या. सोबत फवारणारा गडी असेल त्याचा जबाब द्या.

अहवालाची वाट पाहत अर्ज घरी ठेवू नका. तालुका कृषी अधिकाऱ्याकडे मुदतीत अर्ज द्या, तारखेची पोच घ्या, आणि व्हिसेरा कधी व कोणत्या प्रयोगशाळेला गेला, त्या पत्राचा जावक क्रमांक पोलीस ठाण्यातून लिहून आणा. क्रमांक हाती असला की पाठपुरावा करता येतो.